मुकं अर्धं मिनिट

४ फेब्रुवारी

ताई,

आपण फोनवर भांडतो आणि पत्रात भांडत नाही, हे आईचं म्हणणं अजून खरं आहे, म्हणून लिहितो. शिवाय एक कामाची माहिती हवी आहे, आणि फोनवर तू "मला हे विचारू नकोस" म्हणून मोकळी होतेस.

गेल्या आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला एका पोलिसाने ढकललं. तो हवेच्या कॉम्प्रेसरवर पडला आणि त्याचं मनगट मोडलं. उजवं. मी तिथेच होतो, स्कूटरच्या मागच्या चाकात हवा भरून घेत होतो. आता पोलिसांच्या कागदावर असं आहे, की पंक्चरवालाच अंगावर धावून आला आणि तोल जाऊन पडला. उलट त्याच्यावरच खटला भरला आहे. शाबीत झालं तर कोपऱ्यावर बसायचा परवाना जाईल, आणि बहुधा आतही जावं लागेल.

या प्रसंगात तुझा भाऊ कसा वागला हे मी स्वतः सांगणं बरं नव्हे. तरी सांगतो. मी मध्ये पडलो. म्हणालो, "साहेब, हात आवरा." ओरडून नाही. खालच्या, जड आवाजात. आणि ताई, तो मागे सरला. दरवाजाएवढा माणूस, कमरेला दांडकं, चांगला पाऊलभर मागे सरला. माझ्या बोलण्याने कोणी मागे सरायची ही पहिलीच वेळ. आमची ही तर माझ्या बोलण्याने पुढेच येते.

पोलिसाच्या छातीवर कॅमेरा होता. म्हणजे सगळं त्यात असणार. मी पंक्चरवाल्याच्या बायकोला शब्द दिला आहे, की ते फूटेज मी मिळवून आणीन. साक्ष मी देईनच, पण कवळ्या बनवणाऱ्या माणसाच्या शब्दाला कोर्टात वजन ते किती. फूटेज दाखवलं की विषय संपला.

तू तुझ्या गावात याच खात्यात रोज हेच काम करतेस. अर्ज कसा करायचा ते कळव. वशिला नको. थोडासा असला तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
भोंग्या


११ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

वशिला नाही. मी तळघरातल्या खोलीत बसून चेहरे पुसते. लोक फूटेज मागतात. ते देण्याआधी त्यात सापडलेल्या तिऱ्हाइतांचे चेहरे मी धूसर करते. दिवसभर तेच. परवा बसमध्ये समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत माझं बोट आपोआप हवेत गोल फिरायला लागलं. ती उठून दुसरीकडे जाऊन बसली.

अर्जात तारीख, वेळ, जागा आणि पोलिसाचा क्रमांक लिही. कारण लिहावं लागत नाही. लिहू नकोसच, तू निबंध लिहिशील. पहिल्यांदा ते नाही म्हणतील. मग वरच्या साहेबाकडे अपील कर. मग आधी बोलावून दाखवतील आणि नंतर देतील. एकदा दिलं की ते सगळ्यांचं. खात्याच्या वेबसाइटवर जातं, कोणीही बघावं. आणि उशीर करू नकोस. कोणी मागितलं नाही तर काही महिन्यांत ते साठ्यातून आपोआप नाहीसं होतं.

आणखी एक. कॅमेरा सतत बघत असतो, पण साठवत नसतो. पोलिसाने कळ दाबली की तिथून साठवायला लागतो, आणि दाबण्याच्या आधीचं अर्धं मिनिटही ठेवून घेतो. मात्र ते अर्धं मिनिट मुकं असतं. चित्र आहे, आवाज नाही. तुझं "हात आवरा" त्यात पडलं असेल तर जगाला तुझा जड आवाज ऐकायला मिळायचा नाही. आम्ही तो लहानपणी भरपूर ऐकला आहे. भोंग्या हे नाव त्यावरूनच पडलं, आणि तो जड नव्हता.

खरं सांगू? माझ्याकडे अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला वाटत असतं, की त्या वेळी आपण फार छान बोललो. असो. तू अपवाद असशील.

ताई


९ मार्च

ताई,

तू म्हणालीस तसंच झालं. "तपास चालू असल्याने देता येत नाही." ओळ एक, सह्या तीन. मी अपील केलं. अर्जात कारण लिहिलं नव्हतं, ते अपिलात लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी सगळी पानं चाळली आणि म्हणाल्या, "काका, पहिलं ठेवते. बाकीची तुम्हाला राहू द्या."

इथे माझं बरं चाललं आहे. केस कापायला गेलो तर न्हाव्याने कात्री थांबवून विचारलं, "नक्की काय म्हणालात त्याला?" मी सांगितलं. त्याने दुकानातल्या बाकीच्यांना सांगितलं. आता कसं आहे, पहिल्यांदा "साहेब, हात आवरा" एवढंच होतं. पुढे त्याला "हा कष्टाचा माणूस आहे" हे जोडलं गेलं. काल ऐकलं तर मी पोलिसाला कायद्याचं कलमही सांगितलेलं होतं. मी तसं कुठे बोललो नव्हतो, पण कोणीतरी विचारलं, "कलम सांगितलंत म्हणे?" आणि मी नाही म्हणालो नाही. मूळ वाक्य मात्र पक्कं आहे. भिंत तीच, रंग काय, बदलत असतो.

पंक्चरवाल्याचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. तो स्टुलावर बसून सूचना देतो, बायको काम करते. काल ती लोखंडी पट्टीने टायर उचकटत होती आणि तो म्हणत होता, "डावीकडून. तुझ्या डावीकडून नाही, टायरच्या."

"टायरला विचारून घेते," ती म्हणाली.

मला बघितल्यावर तिने त्याला उठवून स्टूल माझ्याकडे सरकवलं. फार अवघडल्यासारखं झालं. पण बसलो. ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही होतात म्हणून." इथे मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी फक्त कवळ्या करतो, डॉक्टर वेगळा असतो, हे सांगायचं दर वेळी राहून जातं.

खटल्याची तारीख एप्रिलच्या शेवटी आहे. त्यांच्याकडे वकील नाही. वकिलाच्या जागी मी आहे असं दोघं धरून चालले आहेत. फूटेज बघायला बोलावलं की त्याच्या बायकोलाही घेऊन जाणार आहे. तिने एकदा डोळ्यांनी बघावं.

भोंग्या


१६ मार्च

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र मिळालं. मी विचार केला. अपील मागे घे. पंक्चरवाल्याने ते कोर्टामार्फत मागावं, त्याचा तो हक्कच आहे. तू साक्ष दे, तेवढं पुरे.

आणि मागवायचंच असेल तर स्वतःचा चेहरा पुसून मागव. तिऱ्हाइताला तसं सांगता येतं, एक सही लागते. वेबसाइटवर गेलेलं परत आणता येत नाही. रस्त्यात गुडघ्यांवर बसून दात वेचणारा माणूस साऱ्या गावाने कशाला बघायचा.

त्याच्या बायकोला नेऊ नकोस. तब्येतीला जप. इकडे ठीक.

ताई


२० मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून ही म्हणाली, "हे ताईंचं वाटत नाही, कचेरीचं वाटतं." मलाही तसंच वाटलं. त्या तळघरात बसून बसून तू खात्याची झालीस. पोलिसाची बाजू पडती दिसल्याबरोबर अपील मागे घे, कोर्टामार्फत माग. कोर्टाला वेळ लागेल, तोवर तारीख निघून जाईल, साठा नाहीसा होईल. हे मला तूच लिहिलं होतंस.

आणि चेहरा पुस म्हणे. शाळेत मला एकदाच बक्षीस मिळालं, तेव्हा फोटोवाल्याने माझं डोकं कापलं. आई तो फोटो दाखवून म्हणायची, "हा शर्ट आमच्या धाकट्याचा." आता पुन्हा तेच करायचं? आयुष्यात एकदा ताठ उभा राहिलो, तर ते सोय म्हणून धूसर करायचं?

अपील मंजूर झालं आहे. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला बोलावलं आहे. मी जाणार, आणि बायकोला नेणार.

भोंग्या

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. दातांचं मी तुला कधी लिहिलंच नव्हतं.


२५ मार्च

भोंग्या,

नव्हतं लिहिलंस.

तुझं नऊ मार्चचं पत्र आलं त्या दिवशी मी ते फूटेज उघडलं. सगळ्या गावांची फूटेज एकाच साठ्यात असतात, माझ्या पासवर्डने उघडतात. कामाशिवाय उघडायची नाहीत हा पहिला नियम, आणि नव्याने येणाऱ्यांना तो मीच शिकवते. भावाला एकदा शूर झालेला बघायचं होतं, बाकी काही नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा शेजारी ठेवून उघडलं. डबा भरलेलाच घरी आला.

मग तुला ते पत्र लिहिलं, आणि काय शिताफीने लिहिलं ते तू पाहिलंसच. जन्मभर लोकांच्या खुणा पुसल्या, आणि स्वतःची एक ओळ पुसायची राहिली.

काल साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "उघडलंत ते उघडलंत, सांगायला कशाला आलात? आता मला लिहिणं आलं." लिहिलं त्यांनी. चौकशी होईपर्यंत मला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं आहे. बहुतेक छत्र्या आहेत. छत्र्यांचं कोणाला काही पुसायचं नसतं.

फूटेजमध्ये काय आहे ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तू माझ्याशी भांडशील. चित्राशी भांडता येत नाही. जा, बघ. पण एकटा जा. एवढं ऐक.

ताई


३ एप्रिल

ताई,

एकटा गेलो. पंक्चरवाल्याच्या बायकोला सांगितलं, एकालाच आत सोडतात.

खोली लहान आहे. टेबल, पडदा, पंखा, आणि त्याच खिडकीतल्या बाई, ज्या खिडकीबाहेर चांगल्या उंच निघाल्या. त्यांनी विचारलं, "पाणी आणून ठेवू?" मी म्हणालो, "कशाला?" त्या म्हणाल्या, "लागतं लोकांना."

आधी मुकं अर्धं मिनिट. कोपरा, स्कूटर, पंक्चरवाला, मी. माझ्या काखेत हेल्मेट आणि हातात कवळीचा डबा. एका गिऱ्हाइकाला ती द्यायला निघालो होतो. तुला लिहिलं नाही, कारण शूर माणसाच्या हातात कवळी शोभत नाही. पोलीस स्कूटरकडे हात करतो: कोणाची? गाडी थांबवायला मनाई असलेल्या पट्ट्यावर ती उभी आहे. मीच लावली होती, पंक्चरवाला नको म्हणत असताना. मग मी हसतो. ताई, मी हसताना असा दिसतो हे मला इतकी वर्षं कोणीच कसं सांगितलं नाही? मान एका बाजूला, सगळे दात बाहेर, धंद्याची जाहिरात केल्यासारखे. आणि मी बोट दाखवतो. पंक्चरवाल्याकडे. ओठ हलतात.

आवाज नव्हता. पण ते बोट बघितलं आणि वाक्य आपल्या पायांनी चालत आलं. "साहेब, मी आत्ता आलो. हाच रोज वाटेत बसतो."

मग पोलिसाचा तो हात. माझ्या कानाजवळून जातो, पंक्चरवाल्याच्या छातीला लागतो आणि ढकलतो. तो कोणाच्या अंगावर गेलेला नाही. त्याच्या हातात हवेची नळी आहे. तो मागच्या मागे कॉम्प्रेसरवर पडतो. आंधळ्यालाही कळेल इतकं स्पष्ट आहे. त्याच वेळी माझ्या हातून डबा सुटतो.

इथे पोलिसाने कळ दाबली आणि आवाज सुरू झाला. तो म्हणतो, "अंगावर येतोस?" पंक्चरवाला कळवळतो. मी चार पायांवर आहे. वरची कवळी एकीकडे, खालची दुसरीकडे, खालची बुटाला टेकलेली. मग माझा आवाज येतो. जड नाही. तुझं बरोबर होतं. मी म्हणतो, "साहेब, पाय जरा मागे घ्या. दात आहेत."

आणि तो मागे सरतो. चांगला पाऊलभर. तेवढं मी खरं सांगितलं होतं.

मी पाणी मागितलं.

बाईंनी विचारलं, चेहरा पुसायचा का. मी म्हणालो, पुसून दाखवा. माझ्या डोक्यावर धुक्याचा एक गोळा बसला. पण हात कानाजवळून जातो, तोही त्या गोळ्यात गेला. आता पंक्चरवाला आपला आपणच मागे जाऊन पडतो. पोलिसांच्या कागदात लिहिलं आहे, हुबेहूब तसा.

तू या कामात मुरलेली आहेस. माझं डोकं पुसून तो हात ठेवता येतो का? गोळा लहान करून? नुसतं नाक पुसून? कळव.

अर्धं मिनिट मुकं आहे, ते वाक्य माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, हेही मला सुचलं आहे. तू लिहिण्याआधी मीच लिहून टाकतो.

भोंग्या


८ एप्रिल

भोंग्या,

नाही येत. नियमाने सबंध डोकं झाकावं लागतं, कानांसकट, आणि तुझे कान तुला माहीत आहेत. छत्र्यांमध्ये बसून मी मनातल्या मनात सगळ्या बाजूंनी करून पाहिलं. हात आत जातोच.

आणि ते वाक्य कोणाला माहीत नाही, हे खरं नाही. एवढी मुकी अर्धी मिनिटं बघितल्यावर ओठ वाचता यायला लागतात. मी "वाटेत"पाशी जेवणाचा डबा बंद केला.

म्हणून चेहरा पुस म्हणाले. तुझ्यासाठी म्हणाले असं तेव्हा वाटत होतं. आता वाटतं, थोडं माझ्यासाठीही असेल. तुझे ते कान माझेही आहेत. इथल्या कोणी बघितलं तर लगेच ओळखतील.

काय करावं ते सांगत नाही. सांगायचा हक्क गेल्या महिन्यात घालवून बसले. फक्त एवढंच बघ: तो धुक्याचा गोळा असलेलं फूटेज तू पंक्चरवाल्याच्या बायकोच्या हातात ठेवशील, तेव्हा तिला काय म्हणशील?

चौकशीतून मी बहुधा सुटेन. छत्र्या मात्र माझ्याकडेच राहतील असं दिसतं.

ताई


३० एप्रिल

ताई,

चेहरा पुसायच्या कागदावर सही केली नाही.

फूटेज घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. दोघांनी ते मोबाइलवर बघितलं, मी कॉम्प्रेसरपाशी उभा. पंक्चरवाला स्वतःचं पडणं बघत होता. म्हणाला, "बघ, नळी सोडली नाही मी." बायको माझं बोट बघत होती. तिने विचारलं, "हे तुम्ही साहेबांना काय सांगताय?"

मी म्हणालो, "कोर्टात सांगेन." जणू काही फार मोठं गुपित राखून ठेवलं होतं. मला पळायला जागा हवी होती, एवढंच. तिने मोबाइल पुसून पदराखाली ठेवला.

काल कोर्टात पडदा लावला. हात सगळ्यांना दिसला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात सरकारी वकील उठले आणि माझ्या बोटापाशी चित्र थांबवलं. म्हणाले, "हा साक्षीदार बोट करून पोलिसाला सावध करतो आहे. पंक्चरवाला अंगावर येतो आहे, सांभाळा, असं सांगतो आहे. म्हणूनच पोलिसाने हात पुढे केला." आवाज नव्हताच. ते काहीही म्हणू शकत होते.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "काय म्हणालात तुम्ही?"

ताई, माझ्याकडे दोन वाक्यं होती. "साहेब, हात आवरा" तयार होतं. इतक्यांदा म्हटलं होतं की घासून गुळगुळीत झालं होतं, तोंडात अगदी नीट बसायचं. त्यानेही पंक्चरवाला सुटला असता कदाचित. आणि न्हावी मागच्या बाकावर होता. माझं ऐकायला मुद्दाम दुकान बंद करून आला होता.

मी म्हणालो, "साहेब, मी आत्ता आलो. हाच रोज वाटेत बसतो."

न्यायाधीशांना वाटलं मी त्यांच्याशी बोलतो आहे. म्हणाले, "ते असू द्या. तुम्ही तेव्हा काय म्हणालात?"

"हेच म्हणालो."

"का?"

"गाडी माझी होती. मीच चुकीच्या जागी लावली होती. दंड टाळायचा होता."

"आणि हा अंगावर येत होता?"

"नाही. तो माझ्याच चाकात हवा भरत होता."

मागे कोणीतरी हसलं. न्हावीच असावा, पण वळून बघितलं नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, आधी गावभर वेगळं सांगत होतात ते काय? मी म्हणालो, तेव्हा मी हे बघितलेलं नव्हतं. ते म्हणाले, तुम्ही तर तिथेच होतात.

पंक्चरवाला सुटला. परवाना राहिला. पोलिसाची चौकशी लावली आहे.

बाहेर पायऱ्यांवर दोघं उभी होती. मी गेलो आणि म्हणालो, "चुकलं माझं. वाटेत बसतो म्हणालो तुम्हाला."

पंक्चरवाला म्हणाला, "बसतोच की. पंक्चर काय घरात बसून होतं?"

तो हसला. ती हसली नाही. म्हणाली, "चला, बस यायची वेळ झाली." आणि त्याच्या बऱ्या हाताला धरून निघाली.

फूटेज आता वेबसाइटवर आहे. किती जणांनी पाहिलं तो आकडा खाली येतो आणि रोज वाढतो. त्यातला बराचसा मीच असेन. आज सकाळी बघत होतो तर ही मागे येऊन उभी राहिली. मी बंद करायला गेलो. ती म्हणाली, "असू द्या. पुन्हा पहिल्यापासून लावा. तो पडला तेव्हा तुम्ही एकदा तरी त्याच्याकडे बघितलंत का, ते मला बघायचंय."

लावलं. दोघांनी नीट बघितलं. नाही बघितलं मी.

भोंग्या